दप्तरखान्याचा पाच दिवसांचा वेढा आणि प्रार्थनापेटीतील चिठ्ठी

जो सर्व काही जाणतो आणि कोणापाशी बोलत नाही, त्या एकास प्रथम नमस्कार असो. प्रभूच्या जन्मापासून सन दोन हजार एकोणीस, शके एकोणीसशे एक्केचाळीस, विकारी नाम संवत्सर, कापणीचा सण होऊन गेला होता आणि नाताळास पाच आठवडे उरले होते, त्या समयीचे हे वर्तमान. पाळकसाहेबांनी सेवकास आज्ञा केली की, दप्तरखान्यात जे घडले ते पुढे येणाऱ्या कारकुनांच्या शिकवणुकीसाठी लिहून ठेवावे, आणि ज्यांची हकीकत त्यांस विचारून लिहावे. त्यावरून विचारले आणि लिहिले. सेवकास सजवून लिहिता येत नाही. देवळाचे दप्तर लिहिले खरे, पण उभा जन्म एसटीच्या डेपोत टायमकीपर होतो, कोणती गाडी किती वाजता आली आणि किती वाजता सुटली एवढेच लिहीत आलो, तेव्हा जे जसे घडले ते तसे लिहितो. राज्य कोणते, गाव कोणते, ते लिहीत नाही. माणसांची नावे बदलून घातली आहेत. कोणास ओळख पटलीच तर त्याने ती आपल्यापाशी ठेवावी. हा मजकूर टाइप करून घेतला आहे, सेवकाच्या हातचे अक्षर यात कोठे नाही. त्याचे कारण शेवटास येईल.

राज्य म्हणजे आमची ख्रिस्ती मंडळी, तेही लहान. चारशे घरे, एक दगडी देऊळ, एक घंटा, सात पंच आणि त्यांची आठ मते. या सर्वांवर पाळकसाहेब. देवळाच्या उत्तरेस एक खोली, तो दप्तरखाना. त्यात दोन लोखंडी कपाटे, एकास कुलूप लागते आणि एकास लागत नाही. कुलपाच्या कपाटात बाप्तिस्म्याची वही, लग्नाची वही आणि पुरल्याची वही, आणि त्यांच्याखाली बंद पाकिटे. इतर राज्यांचा खजिना सोन्याचा असतो, या राज्याचा खजिना ही पाकिटे. कोणाचा मुलगा दारू सोडवण्याच्या इस्पितळात आहे, कोणाचे लग्न मोडावयास आले आहे, कोणाची सून रडत आली आणि काय बोलून गेली, हे सर्व पाळकसाहेब कागदावर टिपून ठेवीत, आणि सेवक तो कागद पाकिटात घालून वर लाल शाईने 'खासगी' असे लिहीत असे आणि कुलूप लावीत असे. आणि या राज्यात एक जुनी चाल होती. देवळाच्या दाराशी लाकडी प्रार्थनापेटी होती. ज्यास जे मागणे असेल ते त्याने चिठ्ठीवर लिहून आत टाकावे, नाव घालू नये. शुक्रवारी उपासाच्या प्रार्थनेस पेटी उघडत, चिठ्ठ्या मोठ्याने वाचत आणि मग त्या बायकांत वाटून देत. जिला जी चिठ्ठी येई ती तिने घरी न्यावी आणि आठवडाभर त्या मागण्यासाठी प्रार्थना करावी. पेटीची किल्ली मार्थाबाईंपाशी. या मार्थाबाई स्त्रीमंडळाच्या प्रमुख. त्यांची प्रार्थना लांब आणि कळकळीची, ऐकणाराच्या डोळ्यांस पाणी येई. त्यांच्या प्रार्थनेत ज्याचे नाव आले नाही त्यास आठवडाभर हुरहुर लागे.

आता सेवकाच्या घरचे. सेवकाचे कुटुंब दीनाबाई. देवळातील गाणाऱ्या बायकांत खालचा सूर त्या धरीत. वरचा सूर धरणाऱ्या पुष्कळ असतात, खालचा धरणारी एखादीच, हे त्यांचेच बोलणे. मागल्या साली कापणीच्या सणानंतर त्यांच्या पोटात दुखणे निघाले आणि डॉक्टरांनी आतड्याचा कर्करोग सांगितला. त्या घरी आल्या आणि भाकऱ्या थापावयास बसल्या आणि परातीतून वर न पाहता बोलल्या, "हे पाळकसाहेबांना सांगा, दुसऱ्या कोणाला नाही. नाताळची गाणी मला उभं राहून म्हणायची आहेत. लोकांना कळलं तर जिवंतपणीच मला खुर्चीत बसवतील." सेवकाने पाळकसाहेबांस सांगितले आणि त्यांनी ते पाकिटात ठेवले. आणि दहा दिवसांत राज्यभर झाले. बायका शहाळी घेऊन आल्या, मोसंबी घेऊन आल्या, उंबऱ्यातच गळ्यात पडून रडल्या. पुढल्या रविवारी गाणाऱ्यांच्या रांगेत खरोखरच एक प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली होती. दीनाबाई त्या खुर्चीत एक उपासना बसल्या. मग घरी आल्या आणि गाण्याची वही फळीवर ठेवली आणि पुन्हा काढली नाही. फेब्रुवारीत त्या गेल्या. सेवकाने त्या महिन्यात एक यादी केली, बोभाटा ज्यांनी केला असेल अशांची नऊ नावे. पहिले नाव मार्थाबाईंचे. ती यादी सेवक शर्टाच्या खिशात बाळगीत असे.

ऐसे असता पंचांनी ठराव केला की दप्तरखान्याचे काम वाढले, सेवकाच्याने एकट्याने होत नाही, दोन बिनपगारी कारकून द्यावेत. एक दिला एलिशा पाटोळे. वय चाळीस, धंद्याने विम्याचा एजंट, स्वभावाने गोड आणि तोंडाने त्याहून गोड. आणि दुसऱ्या दिल्या त्या मार्थाबाईच. सेवकाच्या मनाविरुद्ध झाले, पण ठराव तो ठराव. सोमवारी ते दोघे येण्यापूर्वी पाळकसाहेब दप्तरखान्यात आले आणि दार लोटून घेतले आणि हळू बोलले, "अण्णा, हन्ना नावाची एक मुलगी आली आहे, परगावची. नवऱ्यानं सळईनं हात मोडलाय. तीन महिन्यांची पोर आहे, काल पहाटेच्या उपासनेत जिचा बाप्तिस्मा केला तीच. त्यांना मुलींच्या जुन्या वसतिगृहातल्या मागल्या खोलीत ठेवलंय. नवरा शोधत फिरतोय. सापडली तर जिवंत ठेवणार नाही, असं तिच्या आईला सांगून गेलाय. मी वकिलांना घेऊन जिल्ह्याला जातो, कोर्टाचा हुकूम घेऊन शनिवारी सकाळी येतो. तोवर ती बाहेर दिसता कामा नये आणि तिचं नाव निघता कामा नये. हे तुम्हाला आणि मला. त्या दोघांनाही नाही." सेवकाने होय म्हटले आणि मग एक चूक कबूल केली. काल बाप्तिस्म्याच्या वहीत नोंद करताना 'रहिवास' या रकान्यात सेवकाने 'मुलींचे वसतिगृह, मागील खोली' असे स्वच्छ लिहून टाकले होते. रकाना मोकळा ठेवायचा नाही, ही डेपोची शिस्त. आणि त्या वहीत खाडाखोड चालत नाही. पाळकसाहेब बोलले, "मग वही कुलपात ठेवा. पाच दिवस हा किल्ला तुमच्याकडे," आणि मोटारीत बसून गेले.

दुपारी शिकवणूक सुरू झाली. पहिला धडा पाकिटाचा. सेवक बोलला, "ज्यावर लाल शाईनं खासगी लिहिलंय, ते ज्याचं आहे त्यानंच उघडायचं." एलिशा बोलला, "आणि काका, चुकून आपण उघडलं तर?" "तर तू न विचारता त्याच्या घरात शिरलास." "पाकीट राहू द्या. मी वह्यांतल्या नुसत्या जन्मतारखा उतरून घेतल्या तर? मुलीच्या नावानं पॉलिसी निघाली तर बापाचंच भलं आहे." "तारखा देवाच्या वहीत आहेत, तुझ्या डायरीत नाहीत, आणि येणारही नाहीत." मार्थाबाई पदराआड हसल्या. मंगळवारी दुसरा धडा, फोनचा. मार्थाबाई बाहेरून फोन करणारी बाई झाल्या आणि एलिशाने उत्तरे द्यायची असे ठरले. "हॅलो, पाळकसाहेब आहेत का?" "नाहीत ताई." "अगबाई, आजारी आहेत की काय?" "छे छे, जिल्ह्याला गेलेत." "एकटेच? ह्या वयात?" "नाही नाही, वकीलसाहेब आहेत बरोबर." मार्थाबाईंनी फोन खाली ठेवला आणि बोलल्या, "बघा भावजी. मी एकही गोष्ट विचारली नाही, नुसती काळजी केली, आणि तिसऱ्या काळजीला वकील बाहेर आला." एलिशा लाजला. सेवकाने सांगितले की, कोणी काही विचारो, एकच उत्तर द्यायचे: निरोप असेल तर सांगा, लिहून ठेवतो. पण मनात आले की, या बाईंस माणसाच्या पोटातून गोष्ट काढण्याची विद्या चांगली येते, आणि खिशातील यादी जड वाटली.

मग तिसरा धडा आला, प्रार्थनेचा, आणि तेथे ठिणगी पडली. सेवक बोलला, "दप्तरात कळलेलं प्रार्थनेतसुद्धा बोलायचं नाही." मार्थाबाईंचा चेहरा बदलला. "म्हणजे काय? देवालाही सांगायचं नाही?" "मनात सांगा." "चारजण मिळून मागितलं तर त्याला बळ असतं भावजी." "बाई, देव ऐकतो ते ठीक आहे. पण त्याच्या शेजारी चाळीस बायका बसलेल्या असतात. त्या डोळे मिटतात, कान मिटत नाहीत. ह्या राज्यात चुगली कोणी करत नाही, सगळे प्रार्थनाच करतात, आणि संध्याकाळपर्यंत गावभर होतं." "मी चुगलखोर आहे असं म्हणायचंय तुम्हाला?" सेवकाने एवढे दिवस दाबलेले बाहेर आले. "गेल्या साली माझ्या घरचं दुखणं चाळीसजणींना कोणी सांगितलं? तुम्हाला माहीत आहे. नाही म्हणा." एलिशा खिडकीबाहेर पाहू लागला. मार्थाबाई बोलल्या, "माहीत आहे." "कोणी?" "ते मी सांगणार नाही." "का?" "दोन दिवस तुम्हीच तर शिकवताय," असे बोलून त्यांनी पिशवी उचलली आणि गेल्या. सेवकाने यादी काढली आणि पहिल्या नावाखाली रेघ ओढली.

बुधवारी मार्थाबाई काही न घडल्यासारख्या कामावर येऊन बसल्या, आणि अकराच्या सुमारास गनीम दप्तरखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, भांग नीट, हातात पेढ्यांचा पुडा आणि आवाज मऊ. कोणी म्हणावे सोयरीक जुळवावयास आला आहे. "जय ख्रिस्त काका. मी रूबेन. माझ्या मुलीचा बाप्तिस्मा तुमच्याकडं झाला. दाखल्याची नक्कल पाहिजे होती." आता योग असा की, दाखले कसे उतरावेत हे शिकवण्यासाठी, घटकाभराचे काम म्हणून, सेवकाने साहेबांची आज्ञा मोडून तीच वही कुलपातून काढून एलिशापुढे ठेवली होती, आणि वही शेवटच्या पानावर उघडी होती. एलिशाने नोंद पाहिली आणि स्वभावाप्रमाणे तोंड गोड केले. "हो हो, रविवारी पहाटे झा—" आणि सेवकाचा चेहरा पाहून थांबला. शब्द अर्धा बाहेर आला आणि अर्धा आत राहिला. रूबेन हसला. "झाला ना? मग एक नक्कल द्या." सेवकाने आपला जेवणाचा डबा उचलून रहिवासाच्या रकान्यावर ठेवला. "दाखला पाळकांच्या सहीनं मिळतो. साहेब नाहीत." "कुठं गेलेत?" "निरोप असेल तर सांगा, लिहून ठेवतो." "काका, मी बाप आहे तिचा." "अर्जात तसं लिहा." "मग नुसतं बघू द्या. लेकीचं नाव काय ठेवलंय ते तरी डोळ्यांनी बघतो," असे म्हणत त्याने वाकून वहीची कड धरली. सेवकाने डबा दाबून धरला. वही दोघांच्या मध्ये अशी ताणली गेली की शिवण करकरली. त्याचे डोळे आता मऊ नव्हते. तेवढ्यात मार्थाबाई उठल्या आणि आपल्या सर्व देहासह मधे आल्या आणि त्याच्या हातातील पुडा काढून घेतला. "अहो भाऊ, पेढ्याचं तूप लागलंय बोटांना. देवाच्या वहीला असला हात लावतात का? नळ मागल्या बाजूला आहे, जा, आधी हात धुऊन या." तो हात धुवावयास गेला तोवर वही कुलपात गेली होती. परत येऊन त्याने रिकाम्या टेबलाकडे पाहिले, मग एलिशाकडे पाहिले आणि बोलला, "हरकत नाही. रविवारी इथं होती एवढं कळलं. मी थांबतो गावात." तो गेल्यावर एलिशाने कपाळावर हात मारला आणि मार्थाबाई बोलल्या, "बिचारा बाप हो. लेकराचं नावसुद्धा माहीत नाही त्याला." हे ऐकून सेवकास कळेना की बाईंनी वही राखली ती समजून राखली की खरेच तुपासाठी. आणि विचारण्याची सोय नव्हती.

सेवक दुपारी आडवाटेने वसतिगृहात गेला. हन्ना पोरीस एका हाताने थोपटीत होती, दुसरा हात प्लास्टरमध्ये. सेवकाने सांगितले की, तो आला आहे, दार लावून घे, खिडकीसही येऊ नको. तिने विचारले, "त्याला कोणी सांगितलं?" "कोणी नाही. अर्धा शब्द निघाला तोंडातून." "काका, अर्धा पुरतो त्याला," असे ती बोलली आणि पोरीस जवळ ओढून घेतले. मग बोलली, "मी रविवारीच देवाकडं मागून ठेवलंय." सेवकास वाटले, प्रार्थना केली असेल. पुढे विचारले नाही, ही चूक. गुरुवारी रूबेन दिवसभर देवळासमोरच्या चहाच्या टपरीवर बसून होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांस ताई, मावशी म्हणत होता. त्याच दिवशी मार्थाबाई सेवकास बोलल्या, "भावजी, रागावू नका. नाताळची गाणी बसवायची आहेत. खालचे सूर दीनाच्या वहीतच लिहिलेले आहेत. ती वही द्या." सेवक बोलला, "वही मिळायची नाही." त्या बोलल्या, "तुम्ही ती उघडून पाहिली का कधी?" "नाही, आणि पाहणार नाही." त्यांनी मान हलवली आणि गेल्या.

शुक्रवार उजाडला. उपासाची प्रार्थना, बायका चाळीस, पुरुष आठ, आणि तिसऱ्या बाकावर रूबेन. नव्या पाहुण्याने उभे राहून नाव सांगावे, ही राज्याची रीत. तो उभा राहिला आणि बोलला, "माझी बायको रागावून घर सोडून गेली, तान्हं लेकरू घेऊन. मी चुकलो असेन. मला नुसतं तिला घरी न्यायचंय. ती तुमच्या गावात आहे. तुम्ही सगळे माझ्या आईबापांसारखे, प्रार्थना करा." आणि डोळे पुसले. बायकांत चुकचुक झाली. पदर डोळ्यांस लागले. एकजण शेजारणीच्या कानात काही बोलली आणि शेजारणीने वसतिगृहाच्या दिशेस पाहिले असे सेवकास वाटले. मग मार्थाबाईंनी पेटी उघडली आणि चिठ्ठ्या वाचावयास घेतल्या. पहिली परीक्षेची, दुसरी गुडघेदुखीची, तिसरी मुलास नोकरीची. मग चौथी उघडली. त्यांनी ती चिठ्ठी डोळ्यांनी वाचली, खालपर्यंत, आणि मग वर पाहिले, तिसऱ्या बाकाकडे. तेव्हा सेवकाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की, हन्नाने रविवारी मागून ठेवले ते कोठे. सेवक मागल्या भिंतीशी उभा होता. ओरडावे तर सर्व उघडे पडते आणि न ओरडावे तर या बाई वाचतात, त्यांनी जन्मभर एकही चिठ्ठी न वाचता सोडलेली नाही. रूबेन बोलला, "मावशी, वाचा की." मार्थाबाई बोलल्या, "वाचली." "मोठ्यानं वाचायची पद्धत आहे ना तुमच्यात?" "पद्धत आमची आहे भाऊ, आणि देव बहिरा नाही." मग त्यांनी डोळे मिटले आणि हात जोडले आणि प्रार्थना केली, "प्रभू, यात काय लिहिलंय ते तुला माहीत आहे. आमेन." एवढीच. त्यांच्या हयातीत एवढी लहान प्रार्थना कोणी ऐकली नव्हती. एका म्हातारीने भीतीने विचारले, "मार्था, बरं वाटत नाही का गं?" त्यांनी चिठ्ठी घडी करून बांगड्यांत खोचली आणि बोलल्या, "आज चिठ्ठ्या वाटायच्या नाहीत. सगळ्या पेटीतच राहतील." रूबेन उठून पुढे आला आणि त्यांच्या मनगटाकडे पाहत उभा राहिला. मार्थाबाई हलल्या नाहीत. तेव्हा एलिशा पाटोळे दारातून चालत आला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सर्वांत गोड आवाजात बोलला, "भाऊ, निरोप असेल तर सांगा, लिहून ठेवतो." मागोमाग आठही पुरुष उठले. गनीम एकेकाकडे पाहत मागे सरला आणि निघून गेला.

देऊळ रिकामे झाल्यावर मार्थाबाईंनी चिठ्ठी सेवकाच्या हाती दिली. त्यात लिहिले होते: 'माझ्या बाळाला ताप येतो, वसतिगृहाच्या मागल्या खोलीत डास फार आहेत. तिच्या वडिलांनी आम्हाला शोधू नये म्हणून प्रार्थना करावी.' नाव कोठे नव्हते. सेवकाने ती तेथेच दिव्यावर जाळली आणि बोलला, "बाई, तुम्ही वाचणार असं वाटलं मला." "मलाही तसंच वाटलं," त्या बोलल्या. "पण एकदा अशीच एक वाचली होती. नाव नव्हतं तिच्यावरही. वाचली आणि वाटली. ज्या बाईकडं ती गेली तिनं घरी नेली आणि ओळखली." "कोणाची होती?" मार्थाबाईंनी पेटीस कुलूप लावले आणि किल्ली कमरेस खोचली. "भावजी, उद्या वही आणाल का?" एवढेच बोलल्या. शनिवारी सकाळी पाळकसाहेब कोर्टाचा हुकूम घेऊन आले, बरोबर पोलिसांची गाडी. टपरीवरच रूबेनच्या हाती कागद दिला आणि त्यास ठाण्यात घेऊन गेले. हन्ना आणि तिची मुलगी दुपारच्या आत दुसऱ्या मुक्कामी सुखरूप पोहोचल्या. मुक्काम कोणता, ते सेवकाने विचारले नाही आणि साहेबांनी सांगितले नाही. वेढा उठला.

मग सेवक घरी गेला आणि फळीवरून दीनाबाईंची वही काढली. वर्षाची धूळ होती, ती पुसली. वही आपोआप एका पानावर उघडली, नाताळच्या शेवटच्या गाण्यावर, कारण तेथे घडी केलेला कागद होता. सेवकाने तो उलगडला. वर तारीख आणि तिच्याखाली 'सकाळी ९.४०', आणि मजकूर असा: 'एका बहिणीच्या आतड्याच्या दुखण्यासाठी प्रार्थना करावी. नाताळपर्यंत तिला उभे राहण्याचे बळ मिळावे.' अक्षर सेवकाचे. दीनाबाईंचे दुखणे कळले त्याच आठवड्यात, देवळात कोणी नाही असे पाहून सेवकाने ती पेटीत टाकली होती. नाव घातले नव्हते, म्हणून ती कोणास कळेल असे मनास कधी शिवले नाही. आणि ज्या अक्षरात चारशे घरांच्या लेकरांचे दाखले लिहिले, जे अक्षर घरोघरी काचेच्या चौकटीत भिंतीवर टांगलेले आहे, त्या अक्षरात ती लिहिली होती. देवाकडे मागताना किती वाजले हे घालणारा माणूस या राज्यात दुसरा कोण आहे? ज्या बाईकडे ती गेली, तिने किंवा मार्थाबाईंनी ती आणून दीनाबाईंस दिली असेल. दीनाबाई ती घेऊन त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या, आणि पुढे चार महिने रोज सेवकासमोर जेवल्या, आणि सेवक रोज बोलत असे की, ज्याने हे केले तो सापडला पाहिजे, आणि त्या म्हणत, जाऊ द्या हो, आमटी घ्या. सेवकाने कागद उलटा केला. पाठीमागे पेन्सिलीने, दीनाबाईंच्या हातचा, एकच शब्द होता. खासगी. दीना असे करील, हे तिच्यासंगती एक्केचाळीस वर्षे काढून कळले नव्हते. मग खिशातून नऊ नावांची यादी काढली आणि चुलीत घातली.

रविवारी उपासनेपूर्वी सेवकाने वही मार्थाबाईंच्या हाती दिली. त्यांनी ती शेवटच्या गाण्यावर उघडली, पानावर बोट फिरवले आणि वर पाहिले. "भावजी, ह्यात काही होतं का?" सेवक बोलला, "नाही. काही नव्हतं." "बरं," त्या बोलल्या आणि गाणाऱ्यांच्या रांगेत जाऊन खालच्या सुरास उभ्या राहिल्या.

येणेप्रमाणे शिकवणूक पुरी झाली. सार इतकेच की, गोष्ट ज्याची त्यानेच उघडावी, देवाच्या पेटीतही दुसऱ्याची टाकू नये. दीनाबाईंचे दुखणे त्यांचे होते, ते सेवकाने उघडले. चूक सेवकाची होती, ती त्यांनी मरेपर्यंत झाकली. चूक माझी आहे, म्हणून ती उघडण्याचा अधिकार माझा, तो येथे वापरला. चिठ्ठ्या वाटणे बंद झाले आहे. वहीतील रहिवासाचा रकाना आता मोकळा राहतो. दाखले एलिशा पाटोळे लिहितो आणि अक्षर बरे काढतो. सेवक हाताने काही लिहीत नाही.